पीव्हीए फिल्ममध्ये धातूंचे क्षार: ‘बँड गॅप घटला’ लिहिण्याआधी या चुका टाळा

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, म्हणजे पीव्हीए, फार सोयीचा. गरम पाण्यात विरघळतो, पेट्री डिशमध्ये ओतून वाळवला की पारदर्शक फिल्म निघते आणि कॉपर, कोबाल्ट किंवा फेरिक क्लोराइड घातले की छान रंग येतो. मग यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रम (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते), त्यावरून टॉक आलेख (त्याच्या उतारावरची रेघ ऊर्जेच्या अक्षाला छेदते तो बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर न्यायला लागणारी किमान ऊर्जा) आणि ठरलेले वाक्य: क्षार वाढवला तसा बँड गॅप घटला. बहुतेकदा तो आकडा पॉलिमरचा नसतोच.

फेरिक क्लोराइड घ्या. क्लोराइडकडून लोहाकडे इलेक्ट्रॉन सरकतो, त्यामुळे ३०० ते ४०० नॅनोमीटरच्या भागात जोरदार शोषण होते. फिल्मचा पिवळेपणा याच पट्ट्याच्या शेपटीतून येतो. त्या उतारावर रेघ ओढली की ३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास काहीतरी मिळते. शुद्ध पीव्हीएची कड, म्हणजे शोषण जिथून सुरू होते ती ऊर्जा, मात्र ५ च्या वर असते. म्हणजे मोजला तो क्षार, नाव लागले पॉलिमरचे. ओळखायची खूण सोपी आहे: सगळे स्पेक्ट्रम एकावर एक ठेवा. पट्टा जागा न सोडता क्षाराच्या प्रमाणात नुसता उंचावत असेल, तर तो क्षाराचाच.

जाडीबद्दल एक गैरसमज आहे. जाडीचा आकडा चुकीचा भरला तरी टॉकची रेघ अक्षाला छेदते ती जागा बदलत नाही; बिघडतो तो शोषण गुणांक (जाडीच्या प्रत्येक एककामागे होणारे शोषण) आणि त्यातून काढलेले सगळे. पण फिल्म खरोखरच कमीजास्त जाड असतील, तर जाड फिल्मची कड लांब तरंगलांबीकडे सरकल्यासारखी दिसते आणि दोष डोपिंगच्या, म्हणजे क्षार मिसळण्याच्या, माथी बसतो. साध्या स्क्रू गेजचे लघुत्तम माप १० मायक्रोमीटर; ५० मायक्रोमीटरच्या फिल्मला ते काय पुरणार? डिजिटल मायक्रोमीटर घ्या, डिश समपातळीत ठेवा आणि किरण जिथून गेला तिथेच मोजा, कारण फिल्मच्या काठाचा भाग मधल्या भागापेक्षा जाड असतो. शोषकता ३ म्हणजे प्रकाशाचा हजारातला एकच भाग पलीकडे पोहोचतो. त्याच्या वर आलेख सपाट झाला तर यंत्राची मर्यादा संपली असे समजा आणि पातळ फिल्म ओता.

सगळ्यात पसरलेली चूक अपवर्तनांकाची. तो परावर्तनावरून काढतात; पण परावर्तन मोजलेले नसते, म्हणून एकातून शोषकता आणि पारगमन (पलीकडे गेलेल्या प्रकाशाचा अंश) वजा करून ते ‘काढतात’. शोषकता हा लॉगॅरिदम आहे, प्रकाशाचा अंश नाही. शोषकता २ असेल तर पारगमन ०.०१, आणि परावर्तन येते उणे १.०१! हे टाळायला कुणी वर्गमूळ आणि घातांकाचे सूत्र वापरतात. त्यातून याच फिल्मचे परावर्तन सुमारे ७३ टक्के येते. प्लास्टिकची फिल्म आरशासारखी चमकायला हवी! मूळ मुद्दा असा की शोषकता आणि पारगमन ही एकाच मोजणीची दोन रूपे आहेत, त्यातून तिसरी माहिती निघत नाही. अपवर्तनांक सुमारे १.५ असताना दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून साधारण ८ टक्के प्रकाश परततो. अपवर्तनांक खरोखर हवा असेल तर इंटिग्रेटिंग स्फिअर किंवा एलिप्सोमीटर ही परावर्तित प्रकाश मोजणारी साधने शोधा.

कोबाल्ट क्लोराइडची फिल्म आपल्याकडे जुलैत हमखास फसवते. वाळलेली असताना निळी, ६०० ते ७०० नॅनोमीटरमध्ये ठळक शोषण; दमट हवेत पाणी कोबाल्टला बिलगले की फिकट गुलाबी, शोषण ५१० च्या आसपास. सकाळी एक नमुना आणि दुपारी दुसरा मोजला, तर फरक क्षाराचा की पावसाचा हे सांगता येत नाही. सगळे नमुने एकाच डेसिकेटरमधून (ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यातून) काढून लागोपाठ मोजा. आणि हातमोजे घाला. कोबाल्ट विषारी आहे.

वजनातही गफलत होते. बाटलीतले कोबाल्ट क्लोराइड बहुधा सहा पाण्याचे असते, म्हणजे क्षाराच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे सहा रेणू. त्याचे ५ टक्के वजन घेतले तर निर्जल क्षार साधारण २.७ टक्केच पडतो. क्षार फार झाला की पृष्ठभागावर स्फटिक येतात, फिल्म दुधाळ दिसते आणि विखुरलेला प्रकाश शोषणात मोजला जातो. मायक्रोस्कोपखाली एकदा बघा.

सिल्व्हर नायट्रेटचे प्रकरण वेगळेच. तापवताना किंवा उजेडात चांदीच्या आयनांचे क्षपण होऊन नॅनोकण बनतात आणि ४०० ते ४३० नॅनोमीटरला प्लाझ्मॉनचा (कणातल्या इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक कंपनाचा) उंचवटा येतो. तो दिसला की फिल्मला ‘क्षारयुक्त’ म्हणू नका. मोजणीपर्यंत नमुना काळ्या कागदात गुंडाळा आणि वाळवण्याचे तापमान व वेळ वहीत लिहा.