मागच्या शॉकअपचा बोल्ट तुटला किंवा आटे गेले तर

मोटारसायकलच्या मागच्या शॉकअपचा बोल्ट सहसा एकाएकी तुटत नाही. आधी शॉकअपच्या डोळ्यातला, म्हणजे टोकाच्या कड्यातला, रबरी बुश झिजतो, मग त्याच्या आतली लोखंडी नळी बोल्टवर हलू लागते आणि प्रत्येक खड्ड्यागणिक बोल्टला ठोका बसतो. खड्ड्यातून जाताना मागून येणारा ‘टक्’ असा आवाज ही त्याचीच खूण असते. म्हणून बोल्ट बदलताना बुश तपासलाच पाहिजे. तो जुनाच राहिला, तर नवा बोल्टही त्याच वाटेने जातो.

येथे दोन बाजूंना दोन शॉकअप असलेल्या, शंभर ते दीडशे सीसीच्या गाड्यांचा विचार केला आहे. अशा बऱ्याच गाड्यांत वर चासीला पक्का बसवलेला स्टड (बिनडोक्याचा, आट्यांचा दांडा) व त्यावर टोपीनट, म्हणजे एका बाजूने बंद असलेला नट, असतो आणि खाली मागचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, म्हणजे स्विंगआर्मच्या, कानातील (बाहेर आलेल्या पट्टीतील) आट्यांत बसणारा बोल्ट असतो. बोल्ट तुटला असताना एका शॉकअपवर गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेण्याचा मोह होतो, पण सगळा भार एकाच बाजूला आल्याने चिमटा पिळला जातो. गाडी टेम्पोतून न्यावी, नाहीतर काम जागेवरच करावे.

गाडी सपाट जमिनीवर डबल स्टँडला लावून मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवावा आणि चाकाचे वजन त्यावर येईल एवढीच त्याची जाडी ठेवावी. ठोकळा बरोबर बसला की सैल केलेला बोल्ट बोटांनी फिरतो. अडकत असेल, तर ठोकळा कमी-जास्त करावा, पाना लांब करून जोर लावू नये. दोन्ही शॉकअप एकदम काढू नयेत. उजवीकडे सायलेन्सर आड येत असेल, तर तो आधी उतरवावा, कारण ड्रिल तिरपे धरावे लागले की पुढचे सगळे काम बिघडते.

गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल टाकून ठेवावे. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीला तर याशिवाय हात लावू नये. बोल्टचे डोके शाबूत असेल, तर सहा बाजूंच्या गोटी पान्यानेच तो फिरवावा, कारण बारा खाचांचा पाना गंजलेल्या डोक्याचे कोपरे लवकर खातो.

बोल्ट आतच तुटला असेल आणि त्याचे टोक थोडे बाहेर असेल, तर त्यावर नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्डिंग करून घेणे हा मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची पकडही सुटते, आणि थोडे निवल्यावर नट पान्याने फिरवला की तुकडा बहुधा त्याच्याबरोबर येतो. त्याआधी शॉकअप काढून दूर ठेवावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी आणि पेट्रोलची टाकी उतरवून बाहेर न्यावी. शॉकअपमध्ये तेल असते, काहींत दाबाखालचा वायूही असतो. त्याला आच लागू देऊ नये.

तुकडा कानाच्या पातळीत तुटला असेल, तर कानसने तोंड सपाट करून बरोबर मध्यावर सेंटर पंच मारावा, आधी ३ मि.मी.चे आणि मग ५ मि.मी.चे भोक पाडावे आणि उलट आट्यांच्या एक्स्ट्रॅक्टरने तुकडा काढावा. एक्स्ट्रॅक्टरवर फार जोर लावू नये. तो कडक पोलादाचा असतो. आत मोडला, तर साधे ड्रिल त्याला कापत नाही आणि काम लेथवाल्याकडे जाते.

नुसतेच आटे खराब झाले असतील, तर टॅप (भोकात आटे पाडायचे हत्यार) निवडण्यापूर्वी नव्या बोल्टचा पिच, म्हणजे दोन आट्यांतले अंतर, पिच गेजने मोजावा. १० मि.मी.च्या बोल्टला १.२५ किंवा १.५ असे दोन्ही पिच असू शकतात, आणि चुकीचा टॅप उरलेले आटेही घालवतो. टॅपला तेल लावून अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे फिरवावा, म्हणजे कापलेला चुरा तुटून बाहेर पडतो. आटे पुरते गेले असतील, तर भोक मोठे करून त्यात स्प्रिंगसारखी आट्यांची गुंडाळी बसवून घ्यावी. वरचा स्टडच तुटला असेल, तर मात्र घरी प्रयोग करू नयेत, कारण ते चासीचे वेल्डिंग आहे आणि ते कसबी माणसाकडूनच झाले पाहिजे.

जुन्या बोल्टच्या गुळगुळीत भागावरून नख फिरवून पाहावे. नख अडले, तर नळीने तिथे खाच पाडली आहे असे समजावे. नवा बोल्ट कंपनीच्याच लांबीचा आणि ताकदीचा घ्यावा; डोक्यावर ८.८ असा शिक्का असेल, तर त्याहून कमी ताकदीचा चालणार नाही. टोपीनटाच्या बाबतीत एक गोष्ट हमखास सुटते. वायसर बारीक पडला किंवा विसरला गेला, तर स्टडचे टोक टोपीच्या तळाला टेकते. पान्याला नट घट्ट लागतो, पण शॉकअपचा डोळा सैलच राहतो. नट आवळल्यावर वायसर बोटाने हलवून पाहावा. तो फिरला, तर जाड वायसर घालावा.

आटे पुसून त्यांवर निळे थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावावे, बोल्ट हातानेच चार-पाच फेरे आत न्यावा आणि मगच पाना लावावा. गाडी स्टँडवरून उतरवून, चाकांवर भार आल्यावर, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने, म्हणजे पिळाच्या जोराने, शेवटचे आवळावे, म्हणजे रबरी बुश पिळलेला राहत नाही. बोल्टच्या डोक्यापासून कानापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवावी आणि शंभर किलोमीटरनंतर ती जुळते का, ते पाहावे.