ब्रँडेड घ्यावा की असेंबल करावा? कॉम्प्युटर घेताना या चुका टाळा

कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो, "स्वस्त काय पडेल?" गणित इथूनच चुकतं. आधी विचारा, मशीन बंद पडलं तर बघणार कोण? ब्रँडेड डेस्कटॉपला एकाच कंपनीची वॉरंटी असते, ऑन-साइट सेवा असेल तर तंत्रज्ञ घरी येतो. असेंबल्डमध्ये, म्हणजे सुटे पार्ट जोडून बनवलेल्या मशीनमध्ये, प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी. ती बऱ्याचदा जास्त वर्षांची असते, पण दोष नेमका कशात आहे हे आधी तुम्हालाच शोधावं लागतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घासाघीस करून पार्ट आणले आणि राहायला चिपळूणला असाल, तर वाचवलेले पैसे एसटीच्या फेऱ्यांतच जातात. हाताशी जाणकार माणूस नसेल तर ब्रँडेड घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

किमतींची तुलना करताना विंडोज विसरू नका. ब्रँडेडमध्ये बहुधा त्याचं लायसन्स किमतीतच धरलेलं असतं. असेंबल्डवर दुकानदार जे "टाकून देतो" ते बरेचदा चोरीचं असतं. लायसन्सचे पैसे धरा, नाहीतर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स वापरा. आणि बिल पक्कंच घ्या, जीएसटी आणि सिरियल नंबरसह. कच्च्या चिठ्ठीवर वॉरंटी मागायला गेलात की हेलपाटे ठरलेले.

असेंबल करणारे सगळ्यात जास्त हात आखडतात तो एसएमपीएसवर, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याच पार्टची. कॅबिनेटसोबत आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर ठळक अक्षरांत ४५० वॅट लिहिलेलं असतं. त्याखालचा बारीक तक्ता वाचा. १२ व्होल्टच्या रांगेत १८ अँपिअर असेल तर त्या लाइनवर मिळणार जेमतेम २१६ वॅट, आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड दोन्ही मुख्यतः त्याच लाइनवर चालतात. गेम सुरू झाला की मशीन रीस्टार्ट होतं, आणि लोक आठवडाभर विंडोज फॉरमॅट करत बसतात! जिथे विजेचा दाब सतत वरखाली होतो तिथे असा एसएमपीएस जाताना मदरबोर्डही घेऊन जाऊ शकतो.

पार्ट जुळतात की नाही हे पैसे देण्याआधी तपासा. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरसाठीच्या बोर्डांत एएम४ सॉकेटवाल्याला डीडीआर४ प्रकारची रॅम लागते, एएम५ वाल्याला डीडीआर५च. इंटेलच्या आय५-१२४००एफ मधल्या 'एफ'चा अर्थ आत ग्राफिक्स नाही. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येही नाही, ५६००जी मध्ये आहे. ग्राफिक्स कार्ड घेणार नसाल तर हे एक अक्षर बघाच.

ब्रँडेडवाल्यांची चूक वेगळी. "पुढे ग्राफिक्स कार्ड टाकू" म्हणून ते छोट्या कॅबिनेटचा डेस्कटॉप घेतात. कित्येक मॉडेल्समध्ये एसएमपीएस आणि बोर्ड कंपनीच्या खास मापाचे असतात, बाजारातला पार्ट त्यात बसत नाही. जादा पॉवर केबल नसेल तर स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर भागेल एवढंच कार्ड चालतं. रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेला जुना कॉम्प्युटर घेताना प्रोसेसरची पिढी विचारा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीनुसार विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी तरी लागते.

नवीन असेंबल्ड मशीनचे पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही? लगेच दुकानाकडे धावू नका. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल बोर्डाऐवजी त्या कार्डात लावली आहे ना, बघा. मग मेन स्विच बंद करून प्रोसेसरजवळची आठ पिनची पॉवर केबल तपासा, ती बरेचदा लावायचीच राहून जाते. रॅमची एकच पट्टी ठेवून, स्लॉट बदलून, क्लिक असा आवाज येईपर्यंत दाबा. बोर्ड जुन्या स्टॉकमधला आणि प्रोसेसर त्याच्यानंतर आलेला असेल तर बायोसचा, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डातल्या प्रोग्रॅमचा, अपडेट लागू शकतो. तेवढं काम मात्र दुकानदाराकडूनच करून घ्या, कारण अपडेट मध्येच तुटला तर बोर्ड सुरूच न होण्याची भीती असते.