असईची लढाई टेबलावर: खेळण्यातल्या सैनिकांचे फोटो काढताना या चुका टाळा

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे असोत की ऑनलाइन मागवलेले ५४ मिलिमीटरचे रंगीत शिपाई, फोटो बहुतेक वेळा एकाच कारणाने फसतो. तो उभ्या-उभ्या, वरून काढलेला असतो. मग टेबलावर मांडलेली खेळणी दिसतात, लढाई दिसत नाही. जुन्या चित्रकारांनी हा प्रश्न कधीच सोडवून ठेवलाय. त्यांचे रंग उचलण्याआधी ते कुठे उभे राहत होते एवढं बघा.

कॅमेरा उंच ठेवणे

५४ मिलिमीटरच्या शिपायाचे डोळे जमिनीपासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर असतात. लेन्सही तिथेच हवी. फोन सरळ धरला की लेन्स वरच्या टोकाला राहते. फोन उलटा करा, लेन्स टेबलाला टेकेल. एलिझाबेथ बटलर यांनी १८८१ मध्ये रंगवलेलं ‘स्कॉटलंड फॉरएव्हर’ बघा. वॉटर्लूच्या लढाईच्या त्या चित्रात घोडे थेट अंगावर येतात, कारण बघणारा त्यांच्या वाटेतच उभा आहे.

फार जवळ जाणे

बारीक वस्तू दिसली की आपण फोन नाकाला लावतो. फोन आपोआप मॅक्रोवर, म्हणजे अगदी जवळच्या फोटोच्या मोडवर जातो, बऱ्याच फोनमध्ये त्यासाठी वाइड लेन्स सुरू होते, आणि शिपायाचं डोकं मोठं, पाय बारीक दिसू लागतात. हिशेब सोपा आहे. हा शिपाई साधारण १:३२ प्रमाणातला. खऱ्या माणसाकडे १० मीटरवरून बघायचं असेल तर टेबलावर ते अंतर होतं ३१ सेंटिमीटर, म्हणजे एक फूट. मॅक्रो बंद करा, एक फूट मागे या आणि २एक्स किंवा ३एक्स झूम वापरा.

मागची रांग पुसून टाकणे

पोर्ट्रेट मोडमधली धूसर पार्श्वभूमी लग्नाच्या फोटोत शोभते. इथे ती चुगली करते, कारण इतकं धूसर फक्त छोट्या वस्तूंच्या मागे होतं, हे डोळ्याला माहीत असतं. चित्रकार मागची माणसं धूसर करत नाही, फिकी करतो. कॅमेरा असेल तर अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/११च्या आसपास ठेवा. एफ/२२ पर्यंत गेलात तर सगळंच थोडं मऊ पडतं. त्यापेक्षा ट्रायपॉडवरून वेगवेगळ्या फोकसचे फोटो घेऊन ते संगणकावर जोडा. फिकेपणासाठी मागच्या रांगेआड उदबत्तीचा धूर पुरतो, फक्त पंखा बंद हवा. आपल्याकडे मे महिन्यात हा प्रयोग कुणी करू नये.

उजेड आणि ऋतू न विचारता मांडणी करणे

माझ्या मते सगळ्यात जास्त चित्रं इथे खोटी पडतात. जालना जिल्ह्यात असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे इंग्रज सेनापती वेलस्लीचं सैन्य आणि शिंदे-भोसल्यांची फौज भिडली. केळणा ओलांडून वेलस्लीची फौज केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिली. वेळ दुपारनंतरची. म्हणजे ऊन इंग्रजांच्या तोंडावर आणि समोरच्या मराठी पलटणींच्या पाठीवर. टेबलावर मात्र दोन्ही बाजूंना दिवे लावले जातात, आणि दोन्ही फौजा सारख्याच उजळ दिसतात. खोलीतली ट्यूबलाइट बंद करा. एकाच खिडकीचा उजेड येऊ द्या, खिडकीवर बटर पेपर लावा, समोरून पांढऱ्या पुठ्ठ्याने किंचित उजेड परतवा. मराठी रांग सावलीत राहिली तर राहू द्या. तोफांच्या कडांवर उजेड पकडला की पुरे.

ऋतूचंही तसंच. मराठवाडा म्हटलं की भेगाळलेली काळी माती मांडायची सवय झालीय. पण सप्टेंबर अखेर म्हणजे पावसाळा संपत आलेला, रान हिरवं, माती ओलसर. असईसाठी दिवाळीच्या किल्ल्यासारखं अळीव पेरा आणि बोटभर उगवायच्या आत फोटो काढा, नाहीतर शिपाई जंगलात हरवतील. उदगीरची लढाई मांडणार असाल तर ती १७६०च्या सुरुवातीची, तिथे कोरडी माती चालेल. माती पिठाच्या चाळणीतून चाळून घ्या. हरभऱ्याएवढं ढेकूळ या प्रमाणात धोंडा दिसतं. वाळलेल्या पऱ्हाटीच्या बारीक फांद्या मात्र झाड म्हणून फार छान लागतात, विकतची प्लास्टिकची झाडं त्यांच्यापुढे फिकी.

सगळ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडे

ही तर शाळेच्या ग्रुप फोटोची सवय. स्पॅनिश चित्रकार वेलास्केझने १६३५च्या सुमारास ‘ब्रेडाची शरणागती’ हे चित्र रंगवलं, त्यात उजवीकडे पुढ्यातच एक भलामोठा घोडा पाठमोरा उभा केलाय. त्या एका पाठीमुळे आपण गर्दीत शिरतो. त्याच्यामागे भाले ताठ उभे. भाल्यांसाठी खराट्याचे हीर वापरा. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातलं सिंहलाच्या स्वारीचं चित्र जवळून बघून या. तिथे हत्ती-घोडे-माणसं एकमेकांआड दडलेली आहेत, कुणीही पूर्ण दिसण्याचा हट्ट धरत नाही. शिपाई सुटे-सुटे ठेवू नका. एकाचा खांदा दुसऱ्याच्या बंदुकीआड जाऊ द्या.

पुढची जमीन रिकामी वाटते? इटालियन चित्रकार उच्चेल्लोने सान रोमानोच्या लढाईच्या चित्रात मोडलेले भाले जमिनीवर असे टाकले की नजर आपोआप आत जाते. दोन-तीन हीर मोडून तसेच टाका.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. फोटोत आडवे पट्टे येत असतील तर दिव्याची लुकलुक आहे, शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. लाल डगल्याच्या घड्या दिसत नसतील तर एक्स्पोजर थोडं उतरवा, फोनला लाल रंग झेपत नाही. अंगावर चकाकी असेल तर मॅट वार्निशचा एक पातळ हात द्या, पण जुन्या शिशाच्या शिपायांवर नको, त्यांचा मूळ रंगच त्यांची किंमत असते. आणि शिशाचे शिपाई हाताळल्यावर जेवायच्या आधी हात साबणाने धुवा.