इंदुरात तीन मीटर त्रिज्येचं सूर्यघड्याळ बांधताना

घड्याळ मोठं केलं की वेळ आपोआप अचूक कळते, हा समज आधी सोडा. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचं असल्यामुळे सावलीची कड पुसट पडते आणि तो पुसट पट्टा सुमारे दोन मिनिटांचा असतो. जयपूरचं २७ मीटर उंच सूर्यघड्याळ, सम्राट यंत्र, घ्या नाहीतर अंगणातलं, ही दोन मिनिटं सुटत नाहीत. आपलं घड्याळही त्याच धर्तीचं: मधे तिरकी चढती भिंत आणि तिच्या कडेची सावली झेलणारे, वेळेच्या खुणांचे पूर्व-पश्चिमेचे दोन चाप. चापाच्या तीन मीटर त्रिज्येवर मिनिटाला १३ मिमी मिळतात आणि पट्टा २८ मिमीचा पडतो. वाचताना त्याचा मध्य धरायचा.

खरी गंमत पायात आहे. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत खणा आणि भिंत व दोन्ही चाप एकाच काँक्रीटच्या राफ्टवर, म्हणजे सलग जाड स्लॅबवर, घ्या. वेगळे पाये वेगवेगळे हलतात.

भिंतीची वरची कड उत्तरेकडे २२°४३′, म्हणजे इंदूरच्या अक्षांशाइतकी, चढती हवी. गवंड्याला अंश सांगू नका, आडव्या मीटरला ४१.९ सेंमी चढ सांगा.

दिशेसाठी होकायंत्र नको, सळ्यांजवळ ते फसतं. २५ डिसेंबरला दुपारी साधारण १२:२७ ला ओळंब्याच्या दोरीची सावली जिथे पडते, ती उत्तर-दक्षिण रेषा. जूनमध्ये हे काम काढू नका. कर्कवृत्त इथून जवळच, सूर्य थेट डोक्यावर, सावली हाती लागत नाही. शिवाय भिंत एक अंश फिरलेली असली तरी जूनच्या दुपारी घड्याळ बरोबरच दाखवतं. डिसेंबरच्या दुपारी तेच तीन मिनिटं चुकतं. म्हणून उन्हाळ्यात केलेल्या तपासणीवर विसंबू नये.

भिंतीला जाडी असते, म्हणून चापांचे केंद्रही दोन. सकाळी पश्चिमेच्या चापावर सावली पश्चिम कडेची, दुपारनंतर पूर्वेच्या चापावर पूर्व कडेची. दोन्ही चाप एकाच केंद्रावरून आखले तर निदान एका बाजूची वेळ भिंतीच्या जाडीइतकी सरकते. केंद्र चापाच्या तळापासून २.७७ मीटर उंच येतं. त्याच्या वर आणि खाली, कडेवरून मोजून, किमान १.३० मीटर कड हवी, दीड धरा. वर आखूड पडली तर जूनमध्ये सावली चापापर्यंत पोचत नाही, खाली आखूड पडली तर डिसेंबरमध्ये.

मनगटावरच्या घड्याळाशी जुळवायला २६.६ मिनिटं मिळवा, कारण भारतीय वेळ ८२°३०′ रेखांशाची. त्यावर तारखेप्रमाणे फरक: नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह १२:१० ला, फेब्रुवारीच्या मध्यावर १२:४१ ला. हा तक्ता दगडात कोरून घ्या, रंगवलेला उन्हात उडतो.