पेज ते मॉन्युमेंट व्हॅली एका दिवसात: आधी घड्याळ लावा, मग गाडी काढा

ॲरिझोनातल्या पेज गावातून सकाळी निघायचं, मॉन्युमेंट व्हॅली बघायची आणि रात्री युटातल्या मेक्सिकन हॅटला मुक्काम करायचा. लाल खडकांच्या मुलखात यापेक्षा चांगला दिवस मला माहीत नाही. रस्ता सोपा आहे, चुकतो तो वेळेचा हिशेब. ‘फोन आपोआप वेळ बदलतो, काळजी नको’ असं जो तो सांगतो. इथे तरी ते ऐकू नका.

उजाडताच हॉर्सशू बेंड, म्हणजे कोलोरॅडो नदीचं घोड्याच्या नालेसारखं वळण, उरका.

मग अँटिलोप कॅन्यन ही अरुंद घळ. नावाहो (इथली आदिवासी जमात) वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत, आरक्षण आधीच हवं. जुलै ते सप्टेंबर या पावसाच्या दिवसांत फेरी रद्द झाली तर हुज्जत घालू नका. ऑगस्ट १९९७ मध्ये दूरवर पडलेल्या पावसाचा लोंढा या घळीत शिरला आणि ११ पर्यटकांचा जीव गेला.

आता घड्याळ. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करत नाही. नावाहो नेशन, म्हणजे नावाहोंचा स्वशासित प्रदेश, मात्र करतं, कारण त्यांचा मुलूख युटा आणि न्यू मेक्सिकोतही पसरलेला आहे आणि ती राज्यं करतात. म्हणून मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत पेजला बारा वाजतात तेव्हा मॉन्युमेंट व्हॅलीत एक वाजलेला असतो. गोंधळ एवढ्यावर थांबत नाही. अँटिलोप कॅन्यन नावाहो जमिनीवर आहे, पण तिथल्या फेऱ्या पेजच्या वेळेने सुटतात. त्यात युटाची सीमा आणि नावाहो हद्द दोन्ही पेजला लागून, त्यामुळे फोन जो टॉवर पकडेल त्याची वेळ दाखवतो. देशभर एकच वेळ असलेल्या भारतातून आलेल्या पाहुण्यांना हे आदल्या रात्रीच नीट समजावून सांगा.

आणि त्याच रात्री फोनमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करा, ‘फिनिक्स’ची, म्हणजे ॲरिझोनाची, वेळ निवडा, गजर त्यावर लावा. कॅन्यन बघून ९८ नंबरच्या रस्त्याला लागलात की ‘डेन्व्हर’ (मॉन्युमेंट व्हॅलीतली वेळ) निवडा आणि पुढे दिवसभर हात लावू नका.

गाडीचे सव्वादोन तास आणि गेलेला एक तास धरला, तर पेजहून बाराला निघालेला माणूस सव्वातीनला पोचतो. व्हॅलीतल्या फेरीच्या रस्त्याचा प्रवेश सूर्यास्ताच्या बराच आधी बंद होतो. त्या हंगामाची वेळ बघूनच निघा. म्हणून कॅन्यनची सकाळची पहिलीच फेरी घ्या. दुपारचा उन्हाचा झोत बघायला थांबा म्हणणाऱ्यांना मॉन्युमेंट व्हॅली फाटकावरूनच बघायची असावी.

पेट्रोल वाटेतल्या कायेंटा गावात भरा.

व्हॅलीतला फेरीचा रस्ता १७ मैलांचा आणि कच्चा आहे. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास इथे चालत नाही, कारण हे उद्यान नावाहोंचं आहे. ड्रोन आणि दारू दोन्हींना बंदी. गाडी बुटकी असेल तर नावाहो वाटाड्याची जीप घ्या; त्या पैशांची कुरकुर करू नका. संध्याकाळी पर्यटक केंद्राच्या सज्जावर या: समोरच्या मिटन (हातमोज्याच्या आकाराच्या) सुळक्यांवर मावळतीचं ऊन थेट पडतं.

मेक्सिकन हॅटपुढचा मोकी डगवे हा घाटरस्ता अंधारात चढू नका. तीन मैल खडीचा रस्ता, ११ टक्के चढ आणि दरीच्या बाजूला जवळजवळ कुठेच कठडा नाही. तो दुसऱ्या सकाळी.