एमएमएच्या टायटल फाइटचा अंदाज कसा बांधावा

भारतात २१ ऑगस्ट २०२२ची सकाळ होती. तिकडे सॉल्ट लेक सिटीत कमारू उस्मान आणि लिऑन एडवर्ड्स यांची एमएमएची (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती एकाच लढतीत) वेल्टरवेट या वजनगटातली टायटल फाइट, म्हणजे चॅम्पियनच्या पट्ट्यासाठीची लढत, पाचव्या फेरीत पोहोचली होती. पहिली फेरी एडवर्ड्सची, पुढच्या तीन उस्मानच्या. तिन्ही पंचांच्या कागदावर उस्मान ३९-३७ असा पुढे. ५६ सेकंद उरले असताना एडवर्ड्सने हाताची हूल दिली आणि पाठोपाठ डाव्या पायाची लाथ उस्मानच्या डोक्यावर बसली. चॅम्पियन जागच्या जागी कोसळला.

माझा अंदाज उस्मानचा होता आणि तो वेडेपणाचा होता असं मला आजही वाटत नाही. चूक वेगळीच होती. ‘उस्मान जिंकणार’ एवढं म्हणून मी मोकळा झालो होतो. किती खात्रीने जिंकणार, कोणत्या वाटेने जिंकणार आणि एडवर्ड्स जिंकलाच तर कसा जिंकेल, यातलं काहीच ठरवलं नव्हतं. त्यामुळे त्या लाथेतून शिकण्यासारखं माझ्या हाती काही उरलं नाही. तेव्हापासून प्रत्येक टायटल फाइटआधी मी वहीत अंदाज लिहून ठेवतो. तो कसा लिहितो ते इथे सांगतो. उदाहरणं सगळी यूएफसीची, म्हणजे एमएमएच्या लढती भरवणाऱ्या कंपनीची आहेत.

१. आधी अटी लिहा

खेळाडूंची नावं लिहिण्याआधी लढत कुठल्या अटींवर होणार आहे ते लिहा. टायटल फाइट पाच मिनिटांच्या पाच फेऱ्यांची असते. यूएफसीत कार्यक्रमाची मुख्य लढत सोडली तर बाकीच्या तीन फेऱ्यांच्या असतात. म्हणजे एरवी १५ मिनिटं लढणारा माणूस इथे २५ मिनिटं लढणार. चौथी-पाचवी फेरी याआधी कोणी पाहिली आहे, हे दोघांच्या नावापुढे लिहून ठेवा.

मग गाव पाहा. १३ जून २०१५ रोजी केन व्हेलास्केझ आणि फॅब्रिसिओ व्हर्डूम मेक्सिको सिटीत लढले. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचावर आहे. समोरच्याला श्वासही घेऊ न देणारा अखंड मारा, ही व्हेलास्केझची खरी ताकद. तिथल्या विरळ हवेत तोच आधी थकला. व्हर्डूम बराच आधी उंचावर येऊन सराव करत राहिला होता. तिसऱ्या फेरीत त्याने गळा आवळून लढत संपवली. नुसत्या कौशल्याची तुलना करणाऱ्याला यातलं काहीच आधी दिसलं नसतं.

लढत ज्यात होते त्या जाळीच्या पिंजऱ्याचा आकारही लिहा. मोठा अष्टकोन ३० फुटांचा, लास वेगासच्या एपेक्स या यूएफसीच्या सभागृहातला लहान २५ फुटांचा. अंतर राखून लढणाऱ्याला लहान पिंजऱ्यात पळायला जागा कमी मिळते.

२. लढत होणार कुठे?

माझ्या मते निम्मा अंदाज याच पायरीवर ठरतो, म्हणून इथे घाई करू नका. ‘दोघांत भारी कोण?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. लढत तीन जागी होऊ शकते: मोकळ्या जागेत उभ्याने, जाळीला टेकून, किंवा जमिनीवर. प्रत्येक जागी वरचढ कोण, ते लिहा. त्याहून महत्त्वाचं, लढत त्या जागी खेचून नेण्याची ताकद कोणाकडे आहे ते लिहा. जमिनीवर अजिंक्य असलेला माणूस समोरच्याला जमिनीवर नेऊच शकला नाही, तर त्या अजिंक्यपणाचा उपयोग शून्य.

कुस्ती पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांची नजर इथे कामाला येते आणि कधी कधी फसवतेही. पट काढणं, कब्जा घेणं, पाठीवर जाणं हे सगळं आपल्याला ओळखीचं असतं. पण आखाड्यात पाठ टेकली की कुस्ती निकाली होते, पिंजऱ्यात मात्र पाठ टेकल्यावर लढतीचा नवा भाग सुरू होतो. ऑगस्ट २०१०मध्ये चेल सोनेनने अँडरसन सिल्वाला चार फेऱ्या खाली दाबून ठोकलं. पाचव्या फेरीतही तोच वर होता. खाली असलेल्या सिल्वाने पायांच्या त्रिकोणात त्याची मान आणि हात अडकवले, सोनेनने हार मान्य केली आणि पट्टा सिल्वाकडेच राहिला. त्यामुळे वर कोण असेल एवढंच लिहून थांबू नका. खालचा माणूस तिथून काय करू शकतो, तेही लिहा.

आकडे इथेच सर्वांत जास्त घोटाळा करतात. मार्च २०२३मध्ये मेराब द्वालिश्विलीने पीटर यानविरुद्ध ४९ वेळा टेकडाउनचा (समोरच्याला जमिनीवर पाडण्याचा) प्रयत्न केला आणि त्यातले ११ साधले. टक्केवारी काढली तर चौथा हिस्साही नाही. तरी तिन्ही पंचांनी पाचही फेऱ्या मेराबला दिल्या. कारण फसलेला प्रत्येक पटही यानला थांबवत होता. हात खाली आणायला, पाय मागे फेकायला, जाळीचा आधार घ्यायला लावत होता आणि तेवढा वेळ त्याचे ठोसे बंद होते. म्हणून टक्केवारीपेक्षा प्रयत्नांची संख्या पाहा, आणि त्या प्रयत्नांपायी समोरच्याला काय सोडून द्यावं लागलं ते पाहा. हेच दोघे डिसेंबर २०२५मध्ये पट्ट्यासाठी पुन्हा समोरासमोर आले तेव्हा यान निर्णयावर, म्हणजे पंचांच्या गुणांवर जिंकला. मेराबची ती त्या वर्षातली चौथी टायटल फाइट होती. जुन्या लढतीचा निकाल पुढच्या लढतीवर जसाच्या तसा चिकटवायचा नाही, हे मी त्या दिवशी वहीत लाल शाईने लिहिलं.

३. जुन्या लढती पाहा, विशेषतः हरलेल्या

जिंकलेल्या लढतींच्या क्षणचित्रांवर अंदाज बांधू नका. नोव्हेंबर २०१५मध्ये रोंडा राउझी हॉली होमविरुद्ध उतरली तेव्हा ती अजिंक्य वाटत होती. तिच्या आधीच्या चार लढती अनुक्रमे ६६, १६, १४ आणि ३४ सेकंदांत संपल्या होत्या. बेरीज करा: चार लढती मिळून २ मिनिटं १० सेकंद. एवढ्या वेळात ती उभ्याने बचाव कसा करते, पहिला हल्ला फसल्यावर काय करते, दुसऱ्या फेरीत तिचा दम कसा असतो, हे कळायला जागाच नव्हती. होम बॉक्सिंगची माजी जगज्जेती. ती गोल फिरत राहिली, राउझी सरळ रेषेत तिच्या मागे धावत राहिली आणि दुसऱ्या फेरीत डोक्यावर बसलेल्या लाथेने सगळं संपलं. पटापट संपलेल्या विजयांनी दरारा वाढतो, पण आपल्या हाती माहिती मात्र थोडीच लागते.

दोघांच्या प्रत्येकी तीन लढती पूर्ण पाहा. त्यांतली एक तरी हरलेली असावी. कोणी हरलेलाच नसेल, तर ज्यात तो सर्वांत जास्त अडचणीत आला ती पाहा. आवाज बंद ठेवा. समालोचक ज्याच्यावर खूश असतो त्याचा प्रत्येक ठोसा आपल्याला दुप्पट दिसतो. पाहताना दोनच गोष्टी टिपा: मार खाल्ल्यावर पाय कुठे जातात आणि तिसऱ्या फेरीच्या शेवटी हात किती खाली आलेले असतात.

माहिती कमी असेल तर खात्रीही कमी ठेवायची, हे मला खम्झत चिमाएव्हने शिकवलं. ऑगस्ट २०२५मध्ये तो शिकागोत ड्रिकस डू प्लेसीविरुद्ध उतरला तेव्हा तीन फेऱ्यांपुढे तो कधी गेलाच नव्हता. गिल्बर्ट बर्न्स आणि उस्मानविरुद्ध तिसऱ्या फेरीपर्यंत त्याचा वेग उतरलेला मी पाहिला होता. डू प्लेसी लांबलचक लढती जिंकत आलेला. मी लिहिलं: पहिल्या दोन फेऱ्या चिमाएव्हच्या, मग डू प्लेसी. प्रत्यक्षात चिमाएव्हने २५ पैकी २१ मिनिटांहून जास्त वेळ त्याला कब्ज्यात ठेवलं आणि तिन्ही पंचांनी ५०-४४ दिलं. पाच फेऱ्यांची तयारी करणारा माणूस दम वेगळ्या तऱ्हेने खर्च करतो. तीन फेऱ्यांच्या लढतीत शेवटी थकलेला माणूस पाच फेऱ्यांत त्याहून जास्त थकेलच, असं गृहीत धरणं ही माझी चूक होती.

४. शरीराचा हिशेब

वय, आधीचे नॉकआउट आणि मधली विश्रांती या तीन गोष्टी एकत्र वाचा. अलेक्झांडर वोल्कानोव्स्कीने २१ ऑक्टोबर २०२३ला, दोन आठवड्यांहून कमी मुदतीत लढत स्वीकारून इस्लाम मखाचेव्हची लाथ डोक्यावर झेलली आणि पहिल्याच फेरीत हरला. १७ फेब्रुवारी २०२४ला, चार महिनेही झाले नसताना, वयाच्या पस्तिशीत तो इलिया टोपुरियासमोर उभा राहिला. टोपुरिया त्याच्याहून आठ वर्षांनी लहान आणि हातात प्रचंड ताकद. दुसऱ्या फेरीत वोल्कानोव्स्की नॉकआउट झाला. माझ्या आवडत्या खेळाडूंपैकी तो एक, म्हणून ही तारखांची वजाबाकी मी त्या वेळी केली नव्हती. आवडत्या खेळाडूच्या बाबतीत ती आधी करा.

शुक्रवारची वजनतपासणी चुकवू नका. टायटल फाइटला गटाच्या मर्यादेवर एक पौंडाची सवलत नसते. मे २०२२मध्ये चार्ल्स ऑलिव्हेराचं वजन १५५ पौंडांच्या मर्यादेपेक्षा अर्धा पौंड जास्त भरलं आणि त्यापायी त्याचा पट्टा गेला. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने जस्टिन गेचीला पहिल्याच फेरीत गळा आवळून हरवलं. तेव्हा काट्यावरचा सुकलेला चेहरा पाहून सगळा अंदाज फिरवू नका. मी फार तर पाच टक्के इकडचे तिकडे करतो.

५. पंचांच्या खुर्चीत बसा

प्रत्येक फेरी स्वतंत्र मोजली जाते: जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुधा ९, एकतर्फी फेरीत ८. नियमांनुसार आधी परिणामकारक ठोसे आणि पकड पाहतात. त्यात दोघे समान ठरले तरच आक्रमकता पाहतात आणि तीही समान असेल तर पिंजऱ्यावरचा ताबा. नुसता पुढे चालत राहणारा माणूस फेरी जिंकतोय असं घरी बसून वाटतं. तसं धरून चालू नका.

शिवाय सगळ्या लढती निर्णय, नॉकआउट किंवा सबमिशननेच (समोरच्याला हार मानायला लावून) संपतात असं नाही. डिसेंबर २०२०मध्ये फिगेरेडोचा जांघेत बसलेल्या नियमबाह्य लाथेसाठी एक गुण कापला गेला आणि मोरेनोविरुद्धची लढत बरोबरीत सुटली. मार्च २०२१मध्ये यान नियमबाह्य गुडघ्यामुळे बाद ठरला आणि पट्टा स्टर्लिंगकडे गेला. ऑक्टोबर २०२५मध्ये ॲस्पिनॉलच्या डोळ्यात बोट गेलं आणि गानविरुद्धची लढत निकालाविना थांबली. अशा निकालांसाठी मी १००पैकी २ बाजूला ठेवतो. लढत बरोबरीत सुटली तर पट्टा चॅम्पियनकडेच राहतो, हेही ध्यानात असू द्या.

६. आकडा लिहा

आता १०० गुण वाटा. समजा, चॅम्पियन निर्णयावर ३५, नॉकआउटने २०, सबमिशनने ५. आव्हानवीर निर्णयावर १०, नॉकआउटने २५, सबमिशनने ३. उरलेले २ वर सांगितलेल्या निकालांसाठी. म्हणजे चॅम्पियन ६०, आव्हानवीर ३८. या वाटणीने तुमचा विचार तुमच्यासमोरच उघडा पडतो. आव्हानवीराला एकाच वाटेने संधी दिसत असेल, तर ती वाट चॅम्पियनने आजवर किती वेळा बंद केली आहे ते पुन्हा जाऊन पाहा.

स्वतःचा आकडा लिहून झाल्यावरच परदेशी सट्टाबाजाराचे भाव पाहा. भाव १.४० आणि ३.०० असतील तर १ला त्या संख्येने भागा: ७१.४ आणि ३३.३ टक्के. बेरीज १०४.७ येते, कारण वरचे साडेचार-पाच टक्के भाव लावणाऱ्याचा नफा असतो. तो वजा केला की चॅम्पियन साधारण ६८ टक्के. तुमचा ६० असेल तर आठ टक्क्यांचा फरक कशामुळे, ते एका वाक्यात लिहा. वाक्य सुचलं नाही तर आकडा बाजाराकडे सरकवा. भाव फक्त अशी पडताळणी करायला वापरायचे. २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. मी एक रुपयाही लावत नाही, आणि त्यामुळेच रविवारची सकाळ निवांत जाते.

७. वहीचा हिशेब

लढतीनंतर गुण द्यायची पद्धत सोपी आहे. ७० टक्के दिलेला जिंकला तर चूक ०.३, तिचा वर्ग ०.०९. तोच हरला तर चूक ०.७, वर्ग ०.४९. प्रत्येक वेळी ५०-५० लिहिणाऱ्याचा वर्ग कायम ०.२५ येतो. तीसेक लढतींची सरासरी काढा. ती ०.२५च्या वर असेल, तर नाणं उडवून लिहिलं असतं तरी चाललं असतं. ९० टक्के लिहून हरलात तर ०.८१चा फटका बसतो. दोन-तीन वेळा तो बसला की ९० लिहिताना हात आपोआप थबकतो.

निकालाशेजारी वाटही तपासा. चॅम्पियन जिंकला, पण तुम्ही जमिनीवर म्हणाला होतात आणि तो उभ्याने जिंकला, तर त्या पानावर खूण करा.

वजनतपासणी झाली की अंदाज बदलायचा नाही, फक्त प्रतिस्पर्धीच बदलला तर. जानेवारी २०२५मध्ये मखाचेव्हविरुद्ध अर्मान त्सारुक्यान उतरणार होता. आदल्या दिवशी पाठीच्या दुखण्याने तो बाहेर पडला आणि त्याच कार्यक्रमात दुसऱ्या लढतीसाठी तयार असलेला रेनाटो मोइकानो एका दिवसाच्या मुदतीवर आत आला. मखाचेव्हने पहिल्या फेरीतच गळा आवळून जिंकलं. त्या रात्री मी जुन्या पानावरचं एक नाव खोडून तिथे दुसरं लिहिलं आणि बाकी आकडे तसेच ठेवले. आता तसं करत नाही. माणूस बदलला की नवं पान घेतो आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा लिहितो, मग लढत उद्या सकाळी का असेना.