लग्नाच्या कागदपत्रात आपल्याकडे होणाऱ्या चुका, या टाळा

मंडप, डीजे, पंगत, आहेराची यादी सगळं चार महिने आधी ठरते, अन् नोंदणीचं काय विचारलं की "पाहू ना मंग, कुठं पळून चालली". मंग आठवते कधी, तं सुनबाईचं आधार बदलायचं असते तेव्हा, नाहीतर नवरा वारल्यावर विम्याचा क्लेम करायचा असते तेव्हा. तोवर एक साक्षीदार पुण्याला कंपनीत गेलेला असते अन् लग्न लावणारे महाराज कोणत्या गावचे होते हेही कोणाला सांगता येत नाही.

म्हणून पहिलं काम, नमुना ड म्हणजे लग्न नोंदणीचा फॉर्म लग्नाआधीच ग्रामपंचायतीतून आणून ठेवा. गावात विवाह निबंधक म्हणजे आपला ग्रामसेवकच (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी), ज्याला सगळे सचिव म्हणतात. नोंदणी कुठं करायची, नवरदेवाच्या गावी की लग्न लागलं तिथं, हे त्यालाच आधी विचारून घ्या. फॉर्मवर शंभराचं कोर्ट फी तिकीट, नवरा-नवरीच्या सह्या, तीन साक्षीदार, अन् ज्यानं लग्न लावलं त्याची सही लागते, भटजी असो, भंतेजी असो की बौद्धाचार्य. ही शेवटची सही मंडपातच घ्या, दक्षिणा द्यायच्या वेळी, सोबत त्यांच्या आधारची झेरॉक्सही. साक्षीदार असे निवडा जे पंचायतीत बोलावलं तं त्याच दिवशी येतील, मोठ्या पदावरचा पाहुणा फोटोपुरता बरा. 1998 च्या महाराष्ट्राच्या कायद्यात नोंदणीला 90 दिवस दिलेत, त्यानंतरही नोंद होते पण फी वाढते अन् चकरा त्याहून जास्त वाढतात.

वयाचा घोळ वेगळाच. मुलीला 18 पूर्ण, मुलाला 21 पूर्ण, तेही लग्नाच्या दिवशी. व्हॉट्सअपवर अजूनही फिरून राहिलं की मुलीचं वय आता 21 झालं, तसं काही झालेलं नाही, 2021 मध्ये बिल आलं होतं पण ते लोकसभेसोबत 2024 ला बारगळलं. दुसरीकडे जन्माच्या दाखल्यावर एक तारीख अन् टीसीवर गुरुजींनी टाकलेली 1 जून, असंही निघते, ते सोयरीक जुळली तेव्हाच तपासा. अन् "दोन महिनेच तं कमी आहेत" म्हणून लग्न उरकू नका. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच ग्रामसेवक आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद अन् एक लाखापर्यंत दंड, त्यात लग्न लावणाराही येते अन् दोन्हीकडचे मायबापही.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट, स्टॅम्प पेपर. शंभराचा असो की पाचशेचा, त्यावर नोटरीचा शिक्का मारून लग्न होत नाही. पोट्टे-पोट्टी पळून नागपूरला जातात, कोणीतरी अर्ध्या तासात "कोर्ट मॅरेज" करून देते, हातात येते ते फक्त प्रतिज्ञापत्र. खरं कोर्ट मॅरेज म्हणजे 1954 चा विशेष विवाह कायदा, त्यात दोघांपैकी एकजण तरी त्या जिल्ह्यात 30 दिवस राहिलेला पाहिजे, नोटीस द्यावी लागते, मंग 30 दिवस थांबायचं, अन् तीन साक्षीदार. दोघांचे धर्म वेगळे असतील अन् कोणालाच धर्म बदलायचा नसेल तं हाच रस्ता धरा.

फारकतीचंही तेच. पंचासमोर बॉन्डवर सह्या झाल्या, दोन्हीकडचे मोकळे झाले, पोरानं दुसरं लग्न केलं, अन् चार वर्षांनी पहिली बायको पोटगीच्या केससोबत हजर. काही समाजात रूढीनं फारकत चालते अन् 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानं ती मानलीही आहे, पण ती रूढी कोर्टात पुराव्यानं सिद्ध करावी लागते, बॉन्ड दाखवून नाही. नाही झाली तं दुसरं लग्न रद्दबातल, वरून सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा. सोयरीक पाहताना आधी लग्न झालेलं असेल तं कोर्टाच्या डिक्रीची, म्हणजे घटस्फोटाच्या हुकमाची, नक्कल मागा, लाजू नका.

उलटी चूकही होते, विधीच नाही अन् नुसता दाखला काढून ठेवला, व्हिसासाठी म्हणा की नोकरीसाठी. 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हिंदू विवाह कायद्यात विधीच झाले नसतील तं नुसत्या सर्टिफिकेटनं लग्न होत नाही. विधी म्हणजे सप्तपदीच पाहिजे असं मात्र नाही, ज्याच्या त्याच्या समाजाचा रिवाज चालते. मेळघाटातले कोरकू, गडचिरोलीचे माडिया, गोंड या अनुसूचित जमातींना तं तो कायदाच लागू नाही, त्यांचं लग्न त्यांच्या रूढीनं. वयाचा कायदा तेवढा सगळ्यांना सारखा.

आंतरजातीय लग्न असेल अन् दोघांपैकी एकजण अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गातला असेल तं जिल्हा परिषदेच्या समाजकल्याणकडून 50,000 रुपये मिळतात, त्यालाही नोंदणीचा दाखला अन् दोघांचे जातीचे दाखले लागतात. नोंदणी नाही तं फाईल टेबलावरूनच वापस.

राहिलं नाव. फॉर्मवर नवरीचं सासरचं नाव अन् आधारवर माहेरचं, यावर अर्धे फॉर्म अडकतात. फॉर्म माहेरच्या नावानंच भरा, जसं आधार अन् टीसीवर आहे तसंच, मंग त्या दाखल्यावर आधार बदलता येते. अन् तिला नाव बदलायचंच नसेल तं तेही चालते, कायद्यानं कुठं सक्ती नाही, सासूबाईंचं काय ते घरच्या घरी पहा.